रिकॉलच्या यादीत ज्यांचा नंबर लागत नाही

ओळखीपाळखीत एक तरी घर असं असतं जिथे गाडी म्हणजे एकाच कंपनीची. बाबांची तीच, दादाची तीच, वहिनीची आधी दुसरी होती पण ती विकून आता तीच, आणि नवीन घ्यायची वेळ आली की चर्चा फक्त रंगावर. आमचं घरही त्यातलंच. पण हल्ली अशी घरं एकेक करून फुटताना बघतोय आणि कोणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे रिकॉल किती झाले बघ ना, इंजिनंच धड नाहीयेत आता." मला हे कारण अर्धंच पटतं. रिकॉल झाला (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्या) म्हणून माणूस कंपनी सोडत नाही असं माझं मत आहे, इंजिनाला दुखणं तेच पण कंपनीच्या यादीत आपल्या गाडीचा नंबर नाही, हे कळतं तेव्हा तो सोडतो.

नुसत्या रिकॉलने लोक गेले असते तर टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगनंतर कोणीच कोणाचा उरला नसता. एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्ण दमट हवेत राहून बिघडायचं, आणि मग अपघातात डबाच फुटून धातूचे तुकडे ड्रायव्हरच्या अंगावर. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या, २०१७ मध्ये टकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. लोक चिडले, पार्टसाठी महिनोन्‌महिने थांबले, पण कंपनी बदलून जाणार कुठे, होंडा काय, टोयोटा काय, बीएमडब्ल्यू काय, फोर्ड काय, डबा सगळ्यांकडे टकाटाचाच. शेवटी पार्ट बदलून मिळाला आणि बहुतेक लोक विसरले.

इंजिनाचं तसं होत नाही. एअरबॅग बदलली तरी गाडी तीच राहते, पण इंजिन उतरवायचं म्हणजे शेकडो बोल्ट, होज, वायरिंगचे सॉकेट, सगळं कोणीतरी हाताने सोडवणार आणि परत लावणार, आणि त्यानंतर डॅशबोर्डमागून एखादा बारीकसा आवाज जरी आला तरी मालकाच्या डोक्यात पहिला विचार हाच की तेव्हाच काहीतरी राहिलंय.

टोयोटाचंच बघा. टुंड्रा पिकअपमध्ये आधी ५.७ लिटरचा व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) होता, पेट्रोल पिणारा, जुन्या घडणीचा, पण लोक त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकायचे. २०२२ च्या मॉडेलपासून तो गेला आणि ट्विन टर्बो व्ही६ (सहा सिलिंडरचा, दोन टर्बोवाला) आला. मे २०२४ मध्ये अमेरिकेत टुंड्रा आणि टोयोटाच्याच लेक्सस ब्रँडची एलएक्स मिळून साधारण १ लाख २ हजार गाड्यांचा रिकॉल निघाला. कारण काय, तर इंजिन बनवताना मशीनिंगचा धातूचा कीस आतच राहिला, तो मेन बेअरिंगमध्ये (इंजिनाचा मुख्य दांडा ज्यावर फिरतो त्यात) गेला की आधी ठकठक, मग इंजिन रफ, मग चालत्या गाडीत बंद. ज्या कंपनीचं नाव म्हणजे 'बघायलाच नको' असा शिक्का, तिच्याकडून हे! तरीही कंपनीने सरळ इंजिन बदलून द्यायचं ठरवलं आणि माझ्या मते तिथपर्यंत फार लोक दुरावले नसते.

खरी मेख पुढे आहे. तेच इंजिन हायब्रिड टुंड्रामध्येही होतं आणि हायब्रिड त्या रिकॉलमध्ये नव्हती. का, तर इंजिन बंद पडलं तरी इलेक्ट्रिक मोटरवर गाडी थोडीफार सरकू शकते, म्हणजे रस्त्यात मध्येच अचानक सगळी ताकद जाण्याचा धोका तितका नाही. कायद्याच्या भाषेत हे बरोबरच आहे, सेफ्टी रिकॉल हा सेफ्टीसाठीच असतो. पण जरा हायब्रिडवाल्याच्या जागी उभं राहून बघा. त्याने महागातलं मॉडेल घेतलं, इंजिन त्याच जातीचं, आणि त्याला पत्र नाही कारण त्याची गाडी बंद पडताना कडेला घेता येईल! बरं, ज्यांच्याकडे साधी टुंड्रा होती पण पहिल्या यादीत नव्हती त्यांचं काय, तर २०२५ च्या शेवटी आणखी साधारण १ लाख २७ हजार गाड्या आल्या, त्यात २०२४ चं मॉडेलही आलं आणि लेक्सस जीएक्सही. म्हणजे दीड वर्ष "तुमची गाडी यात येत नाही" ऐकून जे निर्धास्त झाले होते त्यातल्या कितीतरी जणांना नंतर कळलं की येते. आता यादी इथेच संपली असं कोणी शपथेवर सांगितलं तरी तो माणूस ऐकणार आहे का?

जीएमचा (जनरल मोटर्सचा) किस्सा अजून मजेशीर, म्हणजे ज्याच्या दारात ती गाडी नाही त्याच्यासाठी मजेशीर. एप्रिल २०२५, ६.२ लिटरचा व्ही८, सिल्व्हरॅडो, टाहो, युकॉन, एस्कलेड वगैरे, जगभरात ७ लाख २१ हजारांच्या आसपास गाड्या. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडणारा दांडा) आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा तो मुख्य दांडा) यांत दोष. सरकारला दिलेल्या कागदात कंपनीनेच २८ हजारांहून जास्त तक्रारींचा आकडा दिलाय. मग उपाय काय? गाडी तपासणार, इंजिन नापास झालं तर दुरुस्ती नाहीतर बदलून. आणि पास झालं तर पातळ ०डब्ल्यू-२० काढून जाडं ०डब्ल्यू-४० ऑईल, नवीन फिल्टर, ऑईल भरायचं नवीन झाकण आणि मॅन्युअलमध्ये घालायला एक कागद. झालं, या घरी!

जाड ऑईलने बेअरिंगला जास्त आधार मिळतो हे खरंय, त्यात खोटं काही नाही. पण मग मालकाला साधा प्रश्न पडतो की हे ऑईल चालत होतं तर आधी पातळ का सांगितलं? उत्तर सगळ्यांना माहितीये, मायलेज. पातळ ऑईलने घर्षण कमी होतं, प्रत्येक गाडीमागे अगदी किंचित फायदा, पण कंपनीच्या लाखो गाड्यांच्या सरासरीत तो धरला जातो आणि सरकारी मायलेजचे नियम त्या सरासरीवरच चालतात. मालकाच्या खिशात त्यातलं जवळजवळ काही पडत नाही. बेअरिंग मात्र त्याच्या गाडीतलं.

ह्युंदाई आणि कियाच्या थीटा २ इंजिनाची गोष्ट सगळ्यात लांबलचक आहे. तिथेही क्रँकशाफ्टच्या ऑईलच्या वाटेत धातूचा कीस, पहिला रिकॉल २०१५ मध्ये, मग २०१७ मध्ये मोठा, मग चौकशी. ह्युंदाईतलाच इंजिनिअर किम ग्वांग-हो कागदपत्रं घेऊन अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याकडे गेला, २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाला मान्यता दिली आणि २०२१ मध्ये किमला २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं. मधल्या काळात गाड्यांमध्ये एक सॉफ्टवेअर टाकलं, नॉक सेन्सर बेअरिंगचं कंपन ऐकतो, गडबड वाटली की दिवा लुकलुकतो आणि गाडी हळू पडते. त्याने बेअरिंग बरं होत नाही, फक्त मरायच्या आधी ओरडतं. पण गंमत बघा, पुढे तडजोडीत त्या इंजिनांना आयुष्यभराची वॉरंटी मिळाली, सेकंडहँड घेणाऱ्यालाही लागू, आणि असं फुकटात नवीन इंजिन मिळालेले काही मालक परत त्याच कंपनीकडे गेल्याचं वाचनात आलं. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही.

आता माझं. कंपनीचं नाव घेत नाही, त्याने काही साधणार नाही. माझी गाडी ऑईल प्यायला लागली. धूर नाही, आवाज नाही, खाली एक थेंब नाही, नुसती डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) कोरडी. सर्व्हिस सेंटरला सांगितलं तर तिथला अ‍ॅडव्हायझर अगदी शांतपणे म्हणाला, "सर, एवढं नॉर्मल आहे, मॅन्युअलमध्येच दिलंय बघा." दिलं होतं खरं, हजार किलोमीटरला किती ऑईल गेलं तर चालतं ते, आणि आकडा इतका मोठा की त्या हिशेबाने दोन सर्व्हिसच्या मध्ये इंजिन अख्खं रिकामं झालं तरी नॉर्मलच! मग टेस्ट. जुनं ऑईल काढलं, नवीन मोजून भरलं, डिपस्टिकच्या मुठीवर आणि झाकणावर पिवळ्या पेंटचा पट्टा ओढला, म्हणजे मी मध्ये गुपचूप ऑईल टाकून फसवणार नाही याची खात्री. संशय कोणाचा कोणावर ते बघा जरा. ठरलेलं अंतर चालवून परत गेलो, पट्टा जागच्या जागी, ऑईल खाली, आणि निकाल "लिमिटमध्ये आहे".

नंतर तेच इंजिन असलेल्या दुसऱ्या मालकांशी बोलल्यावर कळलं की ठराविक चेसिस नंबरपर्यंतच्या गाड्यांना कंपनी गुपचूप नवीन पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) टाकून देतेय. मायलेजसाठी रिंगचा ताण कमी ठेवला की त्या सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल नीट खरवडत नाहीत, मग त्यांच्या खोबणीत कार्बन बसतो आणि सगळं चिकटतं, हे आता कोणताही जाणकार मेकॅनिक सांगेल. हा रिकॉल नव्हे बरं का, ऑईल पिण्याने कोणाचा जीव जात नाही म्हणून तो रिकॉल होतच नाही, ते नुसतं डीलरला पाठवलेलं सर्व्हिस बुलेटिन, विचारलं तर मिळणार आणि नाही विचारलं तर हाताची घडी तोंडावर बोट. माझा नंबर त्या यादीच्या पुढचा. मेल केले, फोन केले, सगळीकडून एकच, "तुमची व्हेईकल ॲप्लिकेबल नाही सर."

आणि याच्यापुढचं दुखणं कोणी बोलत नाही, ते म्हणजे विकताना. यादीतल्याला नवीन इंजिन किंवा नवीन रिंग, वर तसा कागद, त्यामुळे त्याची गाडी उलट लवकर जाते. यादीबाहेरच्याला दुरुस्ती नाही ती नाहीच, पण घेणाऱ्याला इंजिनाचं नाव माहीत असतं आणि तो पहिल्याच वाक्यात भाव पाडतो, "तेच इंजिन ना हे?" याला काय सांगणार, की कंपनीच्या मते माझं इंजिन ठणठणीत आहे?

प्युजो, सिट्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनवाल्यांनी हेच भोगलं. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) इंजिन ऑईलमध्ये बुडवून चालवायचा अशी कल्पना, बेल्ट फुगतो, त्याचा चुरा होतो, ऑईल खेचायच्या जाळीत अडकतो आणि प्रेशर जातं. ओरड झाल्यावर वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटर केली, चांगलंच केलं, पण सर्व्हिस वेळापत्रकाप्रमाणे झाल्याचा हिशेब दाखवा ही अट आहेच. ज्याने तिसऱ्या मालकाकडून गाडी घेतली तो पहिल्या मालकाची बिलं कुठून आणणार? पुढच्या इंजिनात कंपनीने बेल्टऐवजी चेन टाकली, याच्याइतका कबुलीजबाब दुसरा नाही.

रिकॉलचे आकडे मोजून कंपन्यांना नावं ठेवणारेही मला तितकेसे पटत नाहीत. एका वर्षात सगळ्यात जास्त रिकॉलचा विक्रम २०१४ मध्ये जीएमने केला होता, ७७, आणि फोर्डने २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांतच तो ओलांडला. वाचायला भयंकर वाटतं, पण त्यात रिव्हर्स कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअरही आलं आणि जुने रिकॉल नीट झाले नाहीत म्हणून परत काढलेलेही आले. आणि जुनं तेच सोनं असंही नाही, होंडाचा ३.५ लिटर व्ही६ म्हणजे वर्षानुवर्षं मुरलेलं घराणं, तरी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये क्रँकशाफ्ट नीट घडवली गेली नाही म्हणून जवळपास अडीच लाख गाड्या बोलवाव्या लागल्याच.

त्यामुळे माझ्यापुरतं मी बोनेटवरचा लोगो बघणं सोडलंय. आता गाडी बघायला गेलो की आधी इंजिनाचा कोड विचारतो, शोरूममधल्या पोराला तो माहीत नसतो, मग तो आत जाऊन कोणाला तरी विचारून येतो. ते इंजिन बाजारात येऊन किती वर्षं झाली, मधे त्यात रिंग, बेअरिंग, बेल्ट असं काही गुपचूप बदललंय का, आणि बदललं असेल तर आधीच्यांना दिलं का. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा हमखास ब्रोशर पुढे करतो. दादाने मात्र परवा परत तीच कंपनी बुक केली, रंग पांढरा.