टोपीकर

नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेतल्या 'कंट्री' गाण्यांचं, तिथल्या गावाकडच्या संगीताचं, माहेरघर. तिथल्या ब्रॉडवे रस्त्यावर भर दुपारी चालायला लागलं की डाव्या कानात एक गाणं आणि उजव्या कानात दुसरं. दर दारात बँड, दर बँडपुढे पैसे टाकायला बादली. गणपतीत दोन मंडळांच्या स्पीकरांमध्ये सापडलेल्याला हे समजावून सांगायला नको. मधूनमधून बुटांची दुकानं, एका जोडावर दोन जोड फुकट. एका माणसाला सहा पायांचे बूट कशाला, असं मी चिरंजीवांना विचारलं. "बाबा, तुम्ही टोपी बघा," ते म्हणाले.

टोपी बघितली. दुकानातल्या मुलीने भुवयांच्या बोटभर वर टेप फिरवली, आकडा स्वतःशीच पुटपुटली, गवताची एक टोपी फळीवरून काढली आणि किटलीसारख्या यंत्रातून येणाऱ्या वाफेवर धरली. काठ जरा मऊ पडले की अंगठ्याने वर वळवायचे, पुन्हा वाफ, पुन्हा वळण. मोदकाची पारी करणाऱ्या बाईच्या बोटांत जी सवय असते, ती तिच्या बोटांत होती. "खाली ठेवताना उताणी ठेवा," ती म्हणाली, "नाहीतर काठ बसतात. आणि नशीब सांडतं." पैसे दिल्यावर मी टोपी उताणी करून बघितली. आतल्या घामपट्टीवर छापलं होतं, मेड इन मेक्सिको.

आपल्याला टोपी घातली गेली, असं क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं की ती योग्य ठिकाणाहूनच आली आहे. काउबॉय अमेरिकेच्या मातीतला म्हणतात, पण गुरं हाकण्याची ती रीत मेक्सिकोच्या गुराख्यांची, 'रोडिओ' आणि 'लॅसो' हे शब्द स्पॅनिशमधले. ज्या स्टेट्सनच्या नावाने ही टोपी जगभर ओळखली जाते तो न्यू जर्सीतल्या टोप्या करणाऱ्याचा मुलगा. त्याने 1865 साली धंदा मांडला तो फिलाडेल्फियात, म्हणजे गुरांच्या कळपांपासून शेकडो कोस दूर. आणि कंट्री गायकांचे ते चमचमते खडे लावलेले, चाकं आणि निवडुंग भरलेले कोट? ते गाजवले नूडी कोन या शिंप्याने. जन्म कीवचा, ज्यू कुटुंबातला, दुकान हॉलिवूडला.

मुळात सुरुवातीच्या गवयांना टोपीबिपीची गरजच वाटत नव्हती. 1925 मध्ये नॅशव्हिलमधल्या एका विमा कंपनीने आपल्या रेडिओवर शनिवारी रात्री गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. स्टेशनची तीन अक्षरं म्हणजे कंपनीच्या ब्रीदवाक्याची आद्याक्षरं, 'आम्ही लाखोंचं रक्षण करतो'. हाच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' झाला. वादक कोटटाय घालून यायचे. त्यातले हम्फ्री बेट तर वैद्यकीची पदवी घेतलेले डॉक्टर, माउथ ऑर्गन वाजवायचे. निवेदक जॉर्ज हे ('हे' हे आडनाव) यांना ते काही गावाकडचं वाटेना. त्यांनी डॉक्टरांच्या मंडळींना डंगऱ्या चढवल्या आणि बँडचं नाव ठेवलं 'पॉसम हंटर्स', म्हणजे रानातलं जनावर मारून खाणारे. रोगी तपासून आलेला माणूस शनिवारी संध्याकाळी अडाणी व्हायचा.

याला लबाडी म्हणावं का? मला तसं म्हणवत नाही. ऐकणाऱ्यांतले कितीतरी नुकतेच शेत सोडून गिरण्यांत आणि कारखान्यांत आलेले. त्यांना गाव हवं होतं, आणि आपण सोडून आलो तसं नव्हे, जरा बरं.

डंगरी मात्र फार टिकली नाही. 'हिलबिली', म्हणजे डोंगरातला गावंढळ, ही अर्धी शिवी होती, आणि डोंगराळ दक्षिणेच्या हद्दीबाहेर ती कुणाला आपली वाटेना. तेवढ्यात सिनेमात गाणारा काउबॉय आला. तो कुठल्याच राज्याचा नव्हता, यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या बाजूचाही नव्हता. गायक हँक विल्यम्स दक्षिणेतल्या अलाबामाचा, पण त्याच्या बँडचं नाव 'ड्रिफ्टिंग काउबॉइज'. 1949 मध्ये बिलबोर्ड या संगीताच्या साप्ताहिकाने आपल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीचं नावही 'कंट्री अँड वेस्टर्न' केलं. मला वाटतं, एका भागाचं गाणं सगळ्या देशाचं झालं ते सुरांमुळे कमी आणि या टोपीमुळे जास्त.

आता टोपी म्हटली की ती कुणाच्या डोक्यावर शोभते याचा निकाल देणारेही आलेच. 1927 च्या डिसेंबरमध्ये जॉर्ज हे यांनी 'ग्रँड ऑपेरा'वर कोटी करून 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव पहिल्यांदा हवेत सोडलं, आणि त्याच्या जरा आधी जो माणूस वाजवून गेला होता तो डीफर्ड बेली, काळा. लहानपणी पोलिओ झालेला, अंगाने एवढासा. माउथ ऑर्गनवर आगगाडी अशी काढायचा की शिट्टी, चाकं, पुलावरचा बदललेला आवाज, सगळं. 1928 मध्ये बावन्न शनिवारांपैकी एकोणपन्नास शनिवारी तो होता. दौऱ्यावर मात्र बाकीचे उतरत त्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. 1941 मध्ये गाण्यांच्या हक्कांच्या एका वादात त्याला काढलं आणि पुढे तो नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवत राहिला. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं 2005 साली. तोवर त्याला जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

कंट्रीतल्या बेंजो या तंतुवाद्याचं मूळ आफ्रिकेतलं, हे आता कुणी नाकारत नाही. पण 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन खण केले, काळ्यांच्या तबकड्या एकीकडे, गोऱ्यांच्या दुसरीकडे. गावातले लोक एकमेकांकडून चाली उचलत होते, खण पाडले कारकुनांनी. नंतर लोक ते खणच परंपरा समजायला लागले. म्हणून 1966 मध्ये काळ्या चार्ली प्राइडच्या पहिल्या तबकड्या रेडिओवाल्यांकडे त्याच्या फोटोशिवाय गेल्या. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतातून आलेला गायक, तरी आधी आवाज ऐकवायचा आणि मग चेहरा दाखवायचा. 2003 मध्ये डिक्सी चिक्स या कंट्री बँडच्या गायिकेने लंडनच्या कार्यक्रमात इराकवरच्या युद्धाला विरोध केला आणि राष्ट्राध्यक्ष टेक्सासचे असल्याची लाज वाटते म्हणाली. ती स्वतः टेक्सासची, रंगाने गोरी. तरी रेडिओने गाणी बंद केली आणि लुइझियानात त्यांच्या सीडींवरून ट्रॅक्टर फिरवला. आणि 2024 मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनची काळी गायिका बियॉन्से पांढऱ्या घोड्यावर, हातात झेंडा, डोक्यावर हीच टोपी घालून आली, तेव्हा ही कंट्री नव्हेच, असं म्हणणारे होतेच. पुढच्या वर्षी ग्रॅमीवाल्यांनी तिच्या अल्बमला कंट्रीतलंच बक्षीस दिलं.

मी टोपी घालून बाहेर पडलो तेव्हा हे सगळं डोक्यात नव्हतं, डोक्यावर होतं. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने आपल्या टोपीच्या काठाला बोट लावलं. मीही लावलं. साताऱ्याच्या बँकेतून निवृत्त झालेला माणूस आणि तो, तेवढ्यापुरते एका गावचे. चिरंजीव मागे हसत होते. मला मराठेशाहीतलं आज्ञापत्र आठवलं. त्यात फिरंगी, इंग्रज, वलंदेज म्हणजे डच, अशा सगळ्या गोऱ्यांना मिळून एक शब्द आहे, टोपीकर. त्यांच्या देशापेक्षा त्यांच्या डोक्यावर काय आहे ते आधी दिसत असावं.

टोपी बॅगेत बसेना, म्हणून विमानात डोक्यावरच. मुंबईला टॅक्सीवाला म्हणाला, "काय साहेब, शूटिंग का?" आता ती दिवाणखान्यात उताणी असते. सौभाग्यवती तिच्यात किल्ल्या आणि बीपीच्या गोळ्या ठेवतात.

परवा पुतण्याचं लग्न होतं पुण्याला. कार्यालयाच्या दारातच फेटेवाला बसलेला, शेजारी भगव्या कापडाचा ढीग. माप नाही, टेप नाही. डोकं खाली करा म्हणाला, चार वेढे, तुरा काढला, पुढचा. माझ्यामागे उभे असलेले सगळे आयटीतले, नांगर कुणी धरलेला नाही, मीही नाही. फेटा बसल्यावर मात्र सगळ्यांच्या माना आपोआप ताठ होत होत्या. मी वर बघून त्याला पैसे विचारले. "मुलीकडच्यांनी दिलेत काका," तो म्हणाला आणि घाम पुसायला त्याने डोक्यावरची टोपी मागे सारली. बेसबॉलची होती, वर न्यूयॉर्क लिहिलेलं.