चौथी चाल ए३, म्हणजे "तुम्हीच बोला आधी"

बुद्धिबळात चौथ्याच चालीला कडेचं प्यादं एक घर पुढं सरकवलं की आमच्या परभणीत पटाभोवती उभी असलेली मंडळी हमखास म्हणणार, "काय खेळायलास रे हे, चाल वाया घालवलीस की." मला ते ऐकायला लै आवडतं, कारण समोर बसलेल्यालाही तेच वाटत असतं.

पोझिशन साधी आहे (पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८, त्यावरून घराचं नाव). ई४, ई५, मग दोघांचे दोन-दोन घोडे बाहेर, एफ३, सी३, सी६, एफ६. ह्या सुरुवातीला फोर नाइट्स म्हणतात. आता पांढऱ्याचा हात आपोआप उंटाकडं जातो, उंट सी४. तिथं काळा घोड्यानं सरळ ई४ चं प्यादं मारतो, आपण घोड्यानं घोडा मारला की डी५, एकाच प्याद्याच्या तोंडी आपला उंट पण आणि घोडा पण. तसं डाव काही जात नाही, पण पांढरे घेऊन जी मजा असते ती गेली. आणि उलट बाजूनं पण हेच, काळ्यानं उंट आधी सी५ ला आणला की हाच फटका त्याला बसतो. म्हणजे उंट जो आधी काढेल तो फसला. मोंढ्यात नाही का, आधी भाव बोलला तो गेला, म्हणून दोघंही "तुम्ही बोला, तुम्ही बोला" करत बसतात, चौथी चाल ए३ म्हणजे अगदी तेच.

आणि काळा बोलतोच! उंट सी५ इतकी साधी चाल दिसते की कुणी विचार पण करत नाही. मग घोड्यानं ई५ मारायचं, त्यानं घोड्यानं मारलं की डी४. त्यातून सुटायला तो उंट बी४ वर नेऊन आपला सी३ चा घोडा पिन करायला (म्हणजे हलला तर मागचा राजा उघडा पडेल असा अडकवायला) बघतो, आणि तिथं कळतं की ते "वाया गेलेलं" प्यादं ए३ वर कशाला बसलंय. पीस (मोहरं) परत आपल्याकडं, सेंटर पण आपलं. ह्या ए३ ला गन्सबर्ग व्हेरिएशन म्हणतात. लिचेस ह्या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर ओपनिंग एक्सप्लोरर (कोणत्या चालीला लोक काय खेळले ते दाखवणारं) उघडून आपल्या रेटिंगचा फिल्टर लावा आणि इथं लोक काय काय खेळतात बघा, टाइमपास म्हणून पण भारी आहे. (ए३ चं वेड जुनंच आहे तसं, १८५८ ला पॅरिसमध्ये त्या काळचा नामी खेळाडू अँडरसन दुसऱ्या तशाच खेळाडूसमोर, मॉर्फीसमोर, पहिलीच चाल ए३ खेळला होता, मॅच मात्र मॉर्फीनंच मारली.)

समोरच्याला माहिती असेल तर तो जी६ वगैरे खेळतो, मग मी डी४ करून गप खेळायला लागतो, काही बिघडत नाही. माझ्या मते ट्रॅप पारखायचा तो इथंच, समोरचा फसला नाही तर आपलं काय गेलं? दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर नेऊन चार चालीत मात द्यायला निघणारे असतात त्यांचा राग येतो तो म्हणूनच, फसला नाही की वजीर घेऊन पळत बसा.

ह्या हिशोबानं सगळ्यात भारी एलिफंट ट्रॅप. क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड ह्या ओपनिंगमध्ये पांढऱ्याचा उंट जी५ वर येऊन घोडा बांधतो, आणि काळा शांतपणे दुसरा घोडा डी७ वर ठेवतो. पांढऱ्याला वाटतं, घोडा तर पिन आहे, डी५ चं प्यादं फुकट. प्याद्यानं प्यादं मारून घोड्यानं डी५ खाल्लं की तो "पिन" घोडा उठून त्याला मारतो, पांढरा खुशीत वजीर घेतो, मग उंट बी४ शह, आणि मधे घालायला वजीर सोडून काहीच नाही! वजीर परत, वर एक पीस जास्त. १८४८ पासून लोक ह्यात पडायलेत. आणि नाही पडला तरी घोडा डी७ ही मेन लाइनचीच (नेहमीची, चांगली) चाल.

कारो-कान ह्या काळ्याच्या ओपनिंगमधली पाचवी चाल वजीर ई२ मात्र मला अर्धीच पटते. तेव्हा आपला घोडा ई४ वर असतो, काळ्याचा एक डी७ वर. काळ्यानं सवयीनं जी८ चा घोडा एफ६ ला काढला की घोडा डी६, तिथंच मात, ई७ चं प्यादं वजीरानं पिन केलंय ना. दिसायला लै जबरी. पण त्यानं डी७ चाच घोडा एफ६ ला नेला तर आपला एफ१ चा उंट आपल्याच वजीरामागं कोंडलेला राहतो. ब्लिट्झला (काही मिनिटांच्या झटपट डावाला) ठीक आहे, लांब टाइमच्या डावात मी नाही खेळत.