तुम्ही विचारलंत म्हणून : ‘हा नाइट्स क्रॉस ओरिजिनल आहे का?’

नाइट्स क्रॉसचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी जर्मनीच्या मोठ्या शौर्यपदकाचे, दोन फोटो येतात. एक पुढून, एक मागून, दोन्ही फ्लॅश मारून काढलेले. खाली ओळ : ‘सर, ओरिजिनल आहे का?’ पाच मिनिटांनी पुरवणी : ‘चुंबक लागतं. मागे ८०० आहे. वजनही बरोबर आहे.’ मी ‘फोटोवरून सांगता येत नाही’ म्हटलं की मी भाव खातोय असा समज होतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पुढच्या वेळी हेच पाठवेन.

१९३९ चा नाइट्स क्रॉस तीन तुकड्यांचा असतो. मधे काळा रंग दिलेला गाभा, बहुतेक वेळा लोखंडी. त्याच्या दोन्ही अंगांनी चांदीच्या दोन अर्ध्या चौकटी, कडेला डाग देऊन जोडलेल्या. चुंबक लागतं ते त्या गाभ्याला. नक्कल करणाऱ्यालाही लोखंड मिळतंच की! उलट युद्धकाळातल्याच काही क्रॉसचे गाभे चुंबकाला न लागणाऱ्या धातूचे आहेत. ‘८००’ म्हणजे हजारात ८०० भाग चांदी. सराफाकडचं मशीन टंच सांगतं, साल सांगत नाही. ४८ मिमीच्या आसपास रुंदी आणि तीसेक ग्रॅम वजन यावरून फार तर भिकार ओतीव माल बाजूला काढता येतो. ओतलेला धातू थिजताना आकसतो, म्हणून अशी नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते. भिंगाखाली तिच्या चौकटीवरचे बारीक मणी वापरलेल्या साबणासारखे बोथट दिसतात आणि खाचांमध्ये टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात. डायवर, म्हणजे पोलादी ठशावर, दाबून काढलेल्या चौकटीचे मणी सुटे आणि टोकदार दिसतात.

इथपर्यंत सगळं सोपं आहे, आणि एके काळी मीही इथेच थांबायचो. डाय कारखान्याचा, चांदी बरोबर, शिक्का बरोबर, म्हणजे खरा. हे उत्तर चूक होतं. का, ते जरा सावकाश सांगतो.

ल्यूडेनशाइडची स्टाइनहाउअर उंड ल्यूक ही मोठी उत्पादक कंपनी. तिचा सरकारी क्रमांक ४, खाजगी विक्रीसाठीचा क्रमांक एल/१६. युद्ध संपलं, पण कंपनी आणि तिचे डाय राहिले. २६ जुलै १९५७ च्या पश्चिम जर्मन कायद्याने ही पदकं स्वस्तिकाशिवाय वापरायला परवानगी दिली. नाइट्स क्रॉसच्या गाभ्यावर स्वस्तिकाच्या जागी ओकची तीन पानं आली. चौकटीत काहीच बदलायचं नव्हतं, म्हणून चौकटीचा जुना डाय पुन्हा प्रेसवर चढला. आणि संग्राहकांसाठी स्वस्तिकवाले क्रॉसही निघाले. कारखाना तोच, डाय तोच, चांदीही अस्सल. वीस वर्षांनी काढलेल्या अशा क्रॉसला नक्कल म्हणायचं का, यावर वाद घाला हवा तेवढा. युद्धकाळातला मात्र तो नाही, आणि किंमत युद्धकाळाला आहे.

हे पकडलं कसं? डायला तडा जातो. दाबाखाली चांदी त्या तड्यात शिरते आणि चौकटीवर केसासारखी बारीक, उठावाची रेघ उमटते. दोन मण्यांमधली खाच भरून येते. मणी आणि आतल्या पट्टीच्या मधे नको तिथे धातूचा ठिपका येतो. तडा आपोआप बुजत नाही, वाढतच जातो. म्हणजे एकाच डायच्या दहा चौकटी शेजारी ठेवल्या, तर दोषांच्या वाढीवरून त्यांचा आधी-नंतरचा क्रम लावता येतो. आता १९५७ च्या, तीन पानांच्या क्रॉसची चौकट घ्या. तुमच्या ‘युद्धकाळातल्या’ क्रॉसवरचे दोष तिच्यापेक्षा जास्त वाढलेले असतील, तर तुमचा क्रॉस तिच्यानंतर निघालाय. एवढा साधा हिशेब. या हिशेबात कित्येक नावाजलेले क्रॉस बाद झाले, आणि जुन्या प्रमाणपत्रांना रद्दीचा भाव आला.

मग प्रश्न सुटला? नाही. कारखान्याकडे एकाहून जास्त डाय होते. डाय दुरुस्तही करता येतो, तेव्हा दोष पुसला जातो. युद्धाच्या शेवटी पडून राहिलेल्या चौकटी नंतर कोणी जोडल्या, तर दोष युद्धकाळाचे आणि जोडणी नंतरची! आणि १९५७ ची चौकट उघडून आत स्वस्तिकाचा गाभा बसवणारे महाभाग आहेतच. त्यासाठी कडेचा सांधा बघायचा. मूळ सांधा घासून जवळपास दिसेनासा केलेला असतो. पुन्हा दिलेला डाग रंगाने वेगळा दिसतो, आणि उष्णतेने गाभ्याचा काळा रंग कडेला फुगतो. तरीही ‘युद्धाच्या अगदी शेवटचा’ आणि ‘युद्धानंतरचा पहिला’ यांच्यातली रेघ कुठे ओढायची, यावर माझं मत वर्षाला बदलतं. बदलू दे.

फितीवर अतिनील दिवा मारा. लख्ख निळसर चमकली तर धाग्यात नंतरच्या काळातली रसायनं आहेत. फीत मात्र बदलता येते, तेव्हा त्यावरून क्रॉस बाद करू नका.

‘मग आझाद हिंदचं पदक तरी?’ हाही नेहमीचा प्रश्न. वीर-ए-हिंद, सरदार-ए-जंग ही पदकं व्हिएन्नात रुडॉल्फ झूवालच्या कारखान्यात बनली, आणि युद्धानंतरही तिथूनच निघत राहिली. रोग तोच, औषध तेच. मराठा लाइट इन्फंट्रीचे लोक इटलीत जर्मनांशी लढले. तिथून कोणाच्या आजोबांनी आयर्न क्रॉस, म्हणजे याच मालिकेतलं खालचं पदक, आणला असेल तर नवल नाही. पण तो बहुधा दुसऱ्या वर्गाचा, लाखोंनी वाटलेला. नाइट्स क्रॉस सगळे मिळून सुमारे ७,३०० दिले गेले. ‘आजोबांचा आहे’ हे वाक्य मी ऐकून घेतो, हिशेबात धरत नाही. राग मानू नका.

फोटो पाठवायचाच असेल तर फ्लॅश बंद करा. क्रॉस खिडकीशी तिरप्या उजेडात ठेवा आणि चारही आतल्या कोपऱ्यांचे, कडेच्या सांध्याचे आणि वरच्या कडीचे जवळून वेगवेगळे फोटो काढा. पॉलिश करू नका. टूथपेस्टने आधीच घासला असेल तर तेही लिहा, म्हणजे खाचांत दिसणारं पांढरं काय आहे याचा शोध मला घ्यावा लागणार नाही.