सोफ्याच्या मागे काय आहे?

"काका, तुमच्या सोफ्याच्या मागे काय आहे?" कर्वे रस्त्यावरच्या स्पीकरच्या दुकानातल्या मुलाने विचारलं आणि नवरा गप्पच झाला. हॉल किती बाय किती, टीव्ही किती इंची, छत पीओपीचं की साधं, सगळी उत्तरं तो घरून पाठ करून आला होता. हा प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा. "भिंत असेल ना," तो म्हणाला.

भिंत नाही. सोफ्याच्या मागे मी आहे.

म्हणजे जेवणाचं टेबल आहे आणि त्याच्या या टोकाला माझी खुर्ची. गवार मोडणं, लसूण सोलणं, लाइट बिल भरणं, दुपारचा चहा, सगळं तिथेच. टीव्हीही मी तिथूनच बघते. खरं तर ऐकतेच. हातात गवार असताना कोण बघतंय.

नवा टीव्ही आल्यापासून नवऱ्याची तक्रार आहे की संवाद कळत नाहीत. त्यात तथ्य आहे. जुन्या टीव्हीला पोट होतं, त्यात स्पीकर ऐसपैस बसायचा. आताच्या बोटभर जाडीच्या टीव्हीत तो बसणार कुठे? म्हणून तो खाली नाहीतर मागे तोंड करून बोलतो, रुसलेल्या माणसासारखा भिंतीकडे बघत. तर मग साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची एकच लांब पट्टी, घ्यावा की चांगली सराउंड सिस्टिम, म्हणजे पुढेमागे सगळीकडे स्पीकर, यावर आमच्याकडे गेला महिनाभर परिसंवाद चालू होता. भर दुपारी, वामकुक्षी सोडून, आम्ही दुकानात आलो यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते पुणेकरांना कळेल.

मुलगा हुशार होता. आतल्या काळोख्या खोलीत बसवून त्याने डोक्यावरून एक हेलिकॉप्टर फिरवलं. मग पाच पूर्णांक एकचा हिशेब समजावला. समोर डावा, समोर उजवा, टीव्हीखाली मधला, मागे दोन, आणि पूर्णांक एक म्हणजे वूफर, नुसत्या खर्जाचा स्पीकर. संवाद मुख्यतः मधल्यातून येतात. मागच्या दोघांकडे पाऊस, गर्दी, आणि जाणारं हेलिकॉप्टर. मागचे वायरलेस मिळतील म्हणाला. चौकशीअंती असं कळलं की त्यांना आवाजाची वायर नसते, विजेची असतेच. सोफ्याच्या मागे प्लग नाही. वरून पाऊस पडल्यासारखा वाटायला हवा असेल तर छताकडे तोंड केलेले स्पीकरही मिळतात, आवाज छतावर आपटून खाली येतो. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याची कौलं गळायची तेव्हा हा इफेक्ट फुकट होता.

वूफर मात्र कुठल्याही कोपऱ्यात ठेवा, तो म्हणाला, खर्जाचा आवाज कुठून येतोय ते कानाला कळतच नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांना बरोबर कळेल.

मी मनातल्या मनात आमचा हॉल मांडून पाहिला. मागचे दोन स्पीकर सोफ्याच्या दोन्ही हातांना, जरा मागे. म्हणजे माझ्या बरोब्बर पुढ्यात, माझ्याकडे पाठ करून. नायक काय म्हणाला ते नवऱ्याला, आणि मला पावसाची पाठ.

तसाही मला मागून येणारा आवाज आवडत नाही. मागून आवाज आला की माणूस वळून बघतो, तो तसाच घडलाय. लहानपणी आम्हाला राहुल सत्तर एमएमला नेलं होतं. सत्तर एमएमच्या रिळावर आवाजाचे सहा ट्रॅक असत आणि त्यातला एक प्रेक्षागृहाच्या भिंतींवरच्या स्पीकरसाठी. आम्हाला हे कुठलं माहीत असायला. मागून लोकांचा गलका ऐकू आला तशी आत्या वळली आणि मागच्या रांगेला म्हणाली, "जरा हळू बोला, सिनेमा चाललाय." मागची रांग बिचारी तोंडात शेंगदाणे धरून गप्प बसली होती.

आवाजाची माझी परीक्षा नाटकाची आहे: शेवटच्या रांगेत शब्द पोचला का? बालगंधर्वला बाल्कनीत बसून आयुष्य गेलं, तिथे कोणी मागून पाऊस पाडला नाही.

काकाला हे पटलं नसतं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, बँकेत कॅशियर, आणि उरलेल्या वेळात बुधवारातल्या तपकीर गल्लीचा भक्त. रोज संध्याकाळी पासोड्या विठोबाला नमस्कार करून तो गल्लीत शिरायचा आणि शर्टाच्या खिशात रेझिस्टर, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर घेऊन परत यायचा. रात्री माडीवर सोल्डरिंगचा वास. अॅम्प्लिफायर झाला, दोन सुटे स्पीकर आले, पण खोके नव्हते. नुसता स्पीकर हातात धरून वाजवला तर चिरका वाजतो. त्याच्या पाठीमागून निघालेली लाट पुढून निघालेल्या लाटेला खाऊन टाकते, खर्ज उरतच नाही. म्हणून खोका लागतो. खोक्याला सुतार लागतो, सुताराला पैसे लागतात. काकाने माठ घेतला.

आजीचा. ऐन एप्रिलात. पाणी कळशीत ओतलं, माठ पालथा घालून वाळवला आणि त्याच्या तोंडावर स्पीकर बसवून दिला. दुसरा माठ कुंभारवाड्यातून आला. एकसारखे दोन माठ मिळेपर्यंत त्याने त्या कुंभाराला इतके माठ वाजवायला लावले की शेवटी तो म्हणाला, पाणी भरायचंय की तबला लावायचाय?

घरात आठवडाभर कोमट पाणी. पण आवाज! असा घुमदार, भरलेला आवाज मी नंतर महागड्या दुकानांतही ऐकलेला नाही. (आठवणीतल्या आवाजांचं असंच असतं, हे मला मान्य आहे. तरीही.)

पुढचा प्रश्न जागेचा. ऐकणाऱ्याला दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर स्टिरिओचा उपयोग काय? काकाने सुतळीने मोजून शहाबादी फरशीवर खडूने फुली मारली. आम्ही पोरं त्या फुलीसाठी मारामाऱ्या करायच्या तयारीत होतो. पण आजी तांदूळ निवडायला बसायची ती उजेडासाठी खिडकीशी, फुलीपासून बाजूला. काकाने आजीला हलवलं नाही. फुली पुसली, माठ हलवले, पुन्हा सुतळी धरली, आणि आजी जिथे बसायची तिथेच नवी फुली मारली. मांडी घातली की आजीच्या लुगड्याखाली फुली जायची.

आजीला तेव्हा निम्मं ऐकू यायचं. घरातली सगळ्यात चांगली जागा घरातल्या सगळ्यात बहिऱ्या माणसाला! बाबांनी बोलून दाखवलं तर काका म्हणाला, खोलीचा आकारच तसा आहे, टेक्निकल कारण आहे. भीमसेनांचा अभंग लागला की आजी सूप खाली ठेवायची आणि दोन माठांच्या मधल्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहायची. दोन्ही स्पीकरमधून सारखाच येणारा आवाज मधूनच आल्यासारखा वाटतो, तिथे काहीही नसताना. "बुवा तिथे बसलेत," ती म्हणायची. आम्ही हसायचो.

तर, दुकानातून आम्ही काहीच न घेता परतलो. आता नवऱ्याने आलेख कागदावर हॉल काढलाय. सोफा, टीव्ही, पाच स्पीकर, कंपासने काढलेले कोन. टेबल आहे, माझी खुर्ची नाही. विचारलं तर म्हणाला, "तू कुठे टीव्ही बघतेस?" यावर भांडता आलं असतं, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं.

वय वाढतं तसे कानाला आधी वरच्या पट्टीतले आवाज सुटायला लागतात. स, श, फ यांच्यातली हवा तिथे असते. स्वर खाली असतात, ते ठणठणीत ऐकू येतात. म्हणून आवाज येतो पण 'सात' म्हणाले की 'हात' ते कळत नाही, आणि मग माणूस आवाज वाढवतो. आमचा टीव्ही हल्ली गच्चीत ऐकू येतो. मला माझ्या खुर्चीतून, सोफ्याच्या मागून, त्याच टीव्हीचे सगळे संवाद कळतात.

आजी पुढे पुढे "काय म्हणाले?" हे विचारेनाशी झाली होती. सगळे हसले की हसायची. परवा भाच्याच्या घरी सगळे जेवायला बसलो होतो, कुणीतरी काहीतरी म्हणालं, टेबलभर हशा झाला, आणि नवरा इतरांपेक्षा किंचित उशिरा हसला.

शुक्रवारी अकरा वाजता कान तपासायची वेळ घेतली आहे. त्याआधी साउंडबारही नाही आणि सराउंडही नाही, असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय, त्याला अजून सांगितलेलं नाही.