गोलातला एफ

मिरगाच्या पहिल्या पावसात खानापूरच्या एक काकी आमच्या लाँड्रीत दोन पिशव्या घेऊन आल्या. एकीत लेकीच्या लग्नातला लेहंगा, दुसरीत त्याचीच ओढणी. ओढणी आधी दुसरीकडे ड्रायक्लीन करून झालेली. काठाचे मोती चपटे झालेले, काही तर घडीतल्या कापडालाच चिकटलेले.

"इस्त्री लागली असणार बघा की ओ," काकी म्हणाल्या.

इस्त्रीनं मोती एकाच अंगानं दबतो आणि शेजारचं कापड चमकतं. इथं मोती चहूकडून विरघळलेले, कापड मात्र धड. म्हणून लेहंग्याचं लेबल उलटून बघितलं. टबवर फुली, त्रिकोणावर फुली, चौकोनातल्या गोलावर फुली. म्हणजे पाणी नाही, ब्लीच नाही, ड्रायरही नाही. इस्त्रीत एकच ठिपका: ११० अंशांपर्यंत, तीही वाफेशिवाय. शेवटी गोलात एफ, खाली एक आडवी रेघ.

घोळ इथंच होतो. गोल दिसला की ड्रायक्लीन, एवढंच पुष्कळ जण वाचतात. आतलं अक्षर कुणी बघत नाही. पी असेल तर पर्क्लोरोएथिलीन हे सॉल्व्हंट, म्हणजे पाण्याऐवजी वापरायचं धुण्याचं रसायन, चालतं; आमच्या भाषेत पर्क. एफ असेल तर फक्त हायड्रोकार्बन, हे पेट्रोलियमपासूनचं सौम्य सॉल्व्हंट. पर्क तेलकट डाग झटकन काढतं, पण पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे मोती आणि टिकल्याही विरघळवतं. खालची रेघ सांगते की काम हळू करायचं: मशीन कमी भरायचं, पिळणं हलकं, वाळवण कमी उष्णतेवर.

लेहंग्याच्या शिवणीत जादाचा एक मोती सापडला. हातमोजे घालून, खिडकी उघडून पर्कचा बोळा त्याला दोन मिनिटं लावला आणि पांढऱ्या फडक्यावर दाबला. मोती चिकट झाला, फडक्यावर डाग उमटला. ओढणीचं कारण सापडलं.

आता हायड्रोकार्बन म्हणून कुणीही टर्पेंटाइनचा डबा उचलू नये. खनिज टर्पेंटाइनमध्ये अरोमॅटिक, म्हणजे बेंझीनच्या जातीचा, अंश असतो आणि तोही पॉलिस्टायरीनला मऊ करतो. आमचं हायड्रोकार्बन कमी अरोमॅटिकचं आहे. तरी लेहंग्याच्या आतल्या काठाला दहा मिनिटं लावून बघितलं. मोती टणक राहिले, रंग उतरला नाही. मगच लेहंगा उलटा करून जाळीच्या पिशवीत, एकटाच, छोट्या फेरीवर घातला. घेरावरच्या चिखलाला मात्र आधी कोरडा ब्रश. ओल्या चिखलावर सॉल्व्हंट काही करत नाही. हवा दमट, त्यामुळं वास जायला दोन दिवस सावलीत टांगावा लागला.

ओढणीचे मोती परत गोल होणार नव्हते. ते कापून नवे टाकायला शहापुरातल्या एका कारागिराकडं पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं: मोती साध्या काचेचे घ्या, वरून रंगाचा मुलामा दिलेले नकोत.