आजोबांच्या गच्चीवर सावली दक्षिणेला पडते

लेक पाच वर्षांची. तिच्या वर्गात भूगोल आहे, पण भिंतीवर नकाशा नाही. आधी ठोकळ्यांचं गाव मांडायचं, मग खुर्चीवर उभं राहून ते वरून बघायचं आणि दिसेल तसं कागदावर काढायचं. झाला नकाशा. वाळूच्या टेबलात बांध घालायचा, बाई पलीकडून पाणी ओतणार, फुटला की पुन्हा बांधायचा. आम्ही राहतो ते नेदरलँड्समधलं अल्मेरे समुद्रसपाटीच्या खाली आहे, १९६८ पर्यंत या जमिनीवर पाणीच होतं. त्यामुळे बांध हा इथे नुसता खेळ नाही.

आधी कौतुक वाटलं, मग चिडचिड. तिसरीत आपल्याला सोलापूर जिल्ह्याचं वेगळं परिसर अभ्यासाचं पुस्तक होतं, आठवतंय ना? करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकराही तालुके मी एका दमात म्हणायचे. नकाशात उजनी धरणावर बोट बरोबर ठेवायचे. तेच पाणी आपल्या नळाला येतं (ज्या दिवशी येतं त्या दिवशी), हे मात्र वर्गात कुणी बोललं नाही. आणि दिवाळीत अंगणात माती कालवून डोंगर, बुरूज, तळं, सगळं आम्हीही केलंच की! त्याला भूगोल म्हणून मार्क दिले नाहीत, एवढंच.

एप्रिलमध्ये बाईंनी मैदानात काठी रोवली आणि सावलीच्या टोकाशी मुलांना खडे ठेवायला लावले. सावली सगळ्यांत आखूड होते तेव्हा ती उत्तरेकडे असते, असं लेक घरी येऊन ठासून सांगू लागली. इथे ते बाराही महिने खरंच आहे. सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. ऐन जूनमध्येही क्षितिजापासून साठ अंशांच्या जरासा वर, आणि तोही घड्याळात पावणेदोन वाजता.

हे फोनवर ऐकून बाबा हसले. म्हणाले, "तिला म्हणावं, आमच्याकडं बघ की जरा."

सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १७.७ अंश अक्षांशावर. ११ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. सोलापुरात इतकी वर्षं काढून मी हे कधी बघितलं नव्हतं. मे महिन्यात दुपारी साडेबाराला गच्चीवर जाणार कोण?

बाबा गेले. टोपी घालून, जुळे सोलापूरच्या त्या तापलेल्या गच्चीवर, एका शनिवारी. तिथे बारा वाजून पंचवीस, आमच्याकडे सकाळचे नऊ वाजायला आले होते. व्हिडिओ कॉल चालू. त्यांनी मीटरची पट्टी उभी धरली, खाली सावली शोधावी लागली. त्याच मिनिटाला आमच्या बागेतली काठी आपल्या जवळजवळ दुप्पट लांब सावली पश्चिमेकडे टाकून उभी. लेक एकदा फोनकडे, एकदा बागेकडे बघत होती. आई मागून ओरडत होती, "अहो, उन्हातनं खाली या!"

जूनमध्ये पुन्हा कॉल. पट्टीखाली दहाएक सेंटिमीटर सावली, दक्षिणेकडे. सोमवारी लेकीने वर्गात जाहीर केलं. मला वाटलं, बाई गोड हसून विषय बदलतील. त्यांनी पृथ्वीगोल आणला, टॉर्च आणला, सोलापूरच्या जागी आणि अल्मेरेच्या जागी पेन्सिलीचे तुकडे चिकटवले आणि अंधार करून सगळ्या वर्गाला दोन्ही सावल्या दाखवल्या. मग गोलावर सोलापूरचं नाव लेकीकडून लिहून घेतलं. मला घरी आल्यावर उगाच भरून आलं. मुलांना इतक्या लांब का ठेवलंय, असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हा किस्सा मी आता दर वेळी सांगते.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही येतोय. शाळा चालू असताना मुलं न्यायची इथे परवानगी नाही, म्हणून मे हुकला. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य परत डोक्यावर येणार आहे. पण तेव्हा ढग असतात, म्हणून बाबा आत्तापासून धास्तावलेत. आईचं म्हणणं, ढग आले आणि बरसले तर सावली गेली खड्ड्यात, सोलापुरात पावसाला कुणी नाही म्हणतं का!