सॉकेट बसेपर्यंत

गुडघ्याखालून पाय काढल्यावर जखम भरली, टाके निघाले. आता कृत्रिम पाय लावायचा आणि चालायला लागायचं, असंच मला वाटत होतं. पण खरा त्रास तिथून पुढे होता.

कृत्रिम पाय म्हटलं की लोकांचं लक्ष पावलाकडे जातं. शरीराचा सगळा भार पेलतं ते मात्र सॉकेट, म्हणजे उरलेला पाय (आम्ही त्याला स्टंपच म्हणतो) ज्यात बसतो ते कवच. स्टंपवरच्या काही जागा भार नीट सोसतात, उदाहरणार्थ गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा. नडगीचं कापलेलं टोक सोसत नाही. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला बारीक हाडाचं डोकं असतं, तेही नाही. त्याला खेटून एक नस जाते. माझं पहिलं सॉकेट नेमकं तिथेच दाबत होतं.

मी ते सांगितलं. प्रोस्थेटिस्टने, म्हणजे कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाने, सोबत आलेल्या दादाकडे बघून विचारलं, "घरी सराव करतात ना या?" मग मला एवढंच, "होईल सवय." पुढच्या खेपेलाही तेच. फोड आला तेव्हाही आधी दादालाच विचारलं गेलं. दुखत मला होतं, मी समोर बसले होते. त्या अपमानाचा राग मला फोडापेक्षा जास्त दिवस पुरला.

सवय होते, हे खोटं नाही. कातडी भार घ्यायला हळूहळूच शिकते, म्हणून सुरुवातीला पाय थोडाच वेळ घालायचा असतो. पण भार घेणाऱ्या जागेवर उठून थोड्या वेळात मावळणारी लाली वेगळी आणि हाडावर तशीच राहणारी लाली वेगळी. दुसरी म्हणजे सॉकेट चुकतंय. हे मला माझ्या फिजिओथेरपिस्टनी समजावलं. त्या म्हणाल्या, "नुसतं दुखतं म्हणू नका. कुठे, किती वेळ चालल्यावर, पाय काढल्यावर डाग कधी गेला, सगळं लिहा."

मी वही सुरू केली. रात्री आरसा धरून स्टंपची मागची बाजूही बघायची. कोणत्या वेळी स्टंपवर मोज्यांचे किती थर चढवले, हेही टिपायचं. पहिल्या वर्षभरात स्टंप बराच आटतो, शिवाय दिवसभरातही त्याचं आकारमान बदलतं. तो सैल होऊन सॉकेटमध्ये खाली गेला की दाब भलत्याच जागी पडतो. ही माहिती फक्त पाय घालणाऱ्याकडेच असते, ती देणं ही आपलीच जबाबदारी.

वही घेऊन मी दुसऱ्या केंद्रात गेले. तिथल्या प्रोस्थेटिस्ट स्टूल ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "हात लावू का?" वही त्यांनी पानन् पान वाचली. नवा साचा घेऊन आधी पारदर्शक प्लास्टिकचं चाचणी सॉकेट केलं. मी उभी राहिले तेव्हा दाबाखाली पांढरी पडलेली कातडी त्यांनी मला आरशात दाखवली. "नडगीच्या टोकाशी पूर्ण आराम देता येईल असं वचन देत नाही, गरज पडली तर सर्जनना दाखवू," असंही स्पष्ट सांगितलं. मला ते फार बरं वाटलं. त्यांच्याही अटी होत्या: दर वेळी रोजचेच बूट घालून यायचं, कारण टाचेची उंची बदलली की पायाची सगळी जुळणी बदलते, आणि स्क्रू घरी पिळायचे नाहीत, सॉकेट घासायचं नाही. मी त्या पाळल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये कृत्रिम अवयवांच्या सेवेसाठी मानकं प्रसिद्ध केली. त्यांत तपासणी, पाय बनवून बसवणं, वापराचं प्रशिक्षण आणि पाय हाती दिल्यानंतरचा पाठपुरावा हे सगळं सेवेतच धरलं आहे. म्हणजे पाय सोपवला की काम संपलं, असं कुणाला म्हणता येत नाही.

याच आधारावर मी पहिल्या केंद्राला पत्र लिहिलं, वहीची पानं आणि फोडाचे फोटो जोडले. दोन मागण्या केल्या: प्रत्येक तक्रार तारखेसह फाइलमध्ये नोंदवा, आणि प्रश्न पेशंटला विचारा, सोबतच्या माणसाला नाही. उत्तर आलं, सॉकेट बदलून देऊ. या दोन मागण्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं, म्हणून मी तेच पत्र पुन्हा पाठवलं आहे.